तिसऱ्या चाकाचं पाणी

१

मेंग मिस्त्रीला जाऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी मी रताळ्याची पेज ढवळत होते, तेवढ्यात त्याची मुलगी शुआंग दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. तिच्या हातात बापाची मोगरी होती, भांडं वाजवून बघायची, चामड्याच्या तोंडाची. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पितळी टोपी आणि टोपीच्या कानातून ओवलेली लाल दोरी. ती दोरी मेंगच्या गळ्यात इतकी वर्षं होती की मी त्याला तिच्याशिवाय पाहिल्याचं आठवत नाही. छातीची एक्स-रे फिल्म काढतानाही ती काढून ठेवायला तो खळखळ करायचा.

"फांगमावशी," ती म्हणाली, "बाबांना कोणीतरी मारलंय."

मी चूल बारीक केली. मेंग कशाने गेला हे सगळ्यांत आधी कळलं होतं ते मला. एकतीस वर्षं मी तालुक्याच्या दवाखान्यात छातीच्या फिल्म काढल्या. आमच्या गावात स्फटिकाची भांडी होतात. पांढरी वाळू भट्टीत फिरवत वितळवायची, थंड झाली की काठ चाकावर घासून भांडं सुरात आणायचं. परदेशातली माणसं ती वाजवतात आणि डोळे मिटून बसतात, मन शांत होतं म्हणे. इथे घासणाऱ्याच्या नाकातोंडात वाळूची धूळ जाते, फुफ्फुसात बसते आणि बाहेर निघत नाही. चाकावर पाण्याची धार सोडली की धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली वाहून जाते. उपाय एवढा साधा आहे, आणि तरीही मी रिटायर होईपर्यंत अशा चाळीस छात्या पाहिल्या.

शुआंगने सांगितलं ते असं. आदल्या दिवशी ती बापाची जागा आवरायला कारखान्यात गेली होती. तिथे तीन चाकं आहेत. मेंगचं तिसरं, भिंतीकडचं. त्या चाकापर्यंत पाण्याचा पाइप आलाच नाही, असं बाप तिला लहानपणापासून सांगत आला होता. शेठने दोन चाकांपुरतंच पाणी दिलं, आपल्या नशिबी कोरडं. ती बापाशेजारी एका लाकडी पेटीवर बसायची, शाळा सुटल्यावर, आणि पुढे मोठी झाल्यावर दिवसभर. काल तिने ती पेटी पहिल्यांदा हलवली. पेटीमागे भिंतीतून पाइप आलेला होता. पाइपाला नळ होता. नळ बंद होता आणि त्याची मूठ कोणीतरी काढून नेली होती.

"अठरा वर्षं मी त्या नळाला पाठ लावून बसले होते," ती म्हणाली. "पाचव्या सातव्याला बाबांना नाव सांगायचंय मला. तुम्हाला चाकावरची सगळी माणसं ओळखतात. मला कोणी काही सांगणार नाही."

आमच्याकडे माणूस गेल्यावर दर सात दिवसांनी त्याच्या नावाने कागद जाळतात. पाचवा सातवा म्हणजे पस्तिसावा दिवस. त्या दिवशी गेलेला माणूस उंचावरून शेवटचं घराकडे बघतो, आणि मुलीने त्याला जे सांगायचं ते तेव्हाच सांगायचं असतं. त्यानंतर त्याला ऐकू जात नाही.

मला नाही म्हणता आलं नाही. ही पोर आठ वर्षांची असताना न्यूमोनियाने फणफणली होती, तेव्हा तिची पहिली फिल्म मीच काढली होती.

२

कारखान्यात गेले तेव्हा कोणीतरी भांडं वाजवून बघत होतं, म्हणून मी दारातच थांबले. भांडं वाजत असताना बोलायचं नाही, पाय घासायचा नाही, खोकायचं तर अजिबात नाही, असा इथला नियम आहे. शेवटच्या वर्षात मेंग प्रत्येक भांड्यानंतर अंगणात जाऊन खोकून यायचा. भांड्याचा आवाज लांबत लांबत गेला. मला सूर कळत नाहीत, त्यामुळे तो कधी संपला हे मी इतरांच्या तोंडाकडे बघून ठरवलं.

बियान शेठने मला चहा दिला आणि पहिल्या घोटाआधीच हात झटकले. अठरा वर्षांपूर्वी पहिल्या चाकावरचा म्हातारा वारला, तेव्हा वरून हुकूम आला आणि आपण तिन्ही चाकांना एकाच आठवड्यात पाणी दिलं, असं तो म्हणाला. पुरावा म्हणून भिंतीवरचा फोटो दाखवला. फोटोत तीन चाकं होती, तीन नळ होते, आणि प्रत्येक नळाला लाल रंगाची गोल मूठ. तेव्हाचा मेंग तिसऱ्या चाकाशेजारी उभा होता, जाडजूड आणि हसरा.

"तिसऱ्याची मूठ कुठे गेली?" मी विचारलं.

"फांगबाई, मी शेठ आहे, नळवाला नाही. ते लू मुकादमाला विचारा."

"मेंग आपल्या पोरीला सांगायचा की तुम्ही पाणी दिलंच नाही."

शेठने फोटोकडे परत पाहिलं. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं, आणि नवल वाटल्याचं सोंग या माणसाला जमत नाही हे मी जाणून होते.

मग मी तिसऱ्या चाकाशी गेले आणि गुडघे टेकून नळ पाहिला. तोंडाला पांढरा चुना धरला होता. म्हणजे पाणी क्वचित वाहिलं होतं. इथवर शुआंगचं बरोबर होतं. पण मूठ काढल्यावर नळाचा जो चौकोनी खिळा वर उघडा राहतो, त्यावर मी बोट फिरवलं. त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि धातू चकाकत होता. धूळही नव्हती.

नळ अठरा वर्षं बंद पडून राहिलेला नव्हता. कोणीतरी तो मधूनमधून उघडत होतं आणि परत बंद करत होतं, अगदी अलीकडेपर्यंत.

३

लू मुकादमाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून मी आधी तोच मागितला. त्याने तो माझ्यापुढे टाकला. चौकोनी भोकाची एकही चावी त्यात नव्हती.

"आणखी काय तपासायचंय? दात मोजता?" तो म्हणाला. "बाई, पाणी बंद दिसलं तर तपासणीवाले पहिली मानगूट माझी धरतात. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

हे पटण्यासारखं होतं. मेंगशी काही वाकडं होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, एकदाच झालं होतं. बायको सोडून गेल्यावर मेंग पोरीला चाकाशेजारी बसवायला लागला, त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. पोर गारठते, एक शेगडी ठेवू द्या, म्हणून मेंग गयावया करत होता. भिंतीपलीकडे गॅसच्या टाक्या होत्या. लूने साफ नाही म्हटलं. मेंग महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

"पण शेगडी दिली असती तर आज तुम्हीच मला कारखाना उडवणारा म्हणाला असतात," तो म्हणाला. आणि मी उठल्यावर पाठीमागून म्हणाला, "पाण्याचं विचारताय तर हाओला विचारा. पंप जुना आहे. तिसरा नळ बंद असला की दुसऱ्या चाकाला धार दुप्पट येते. दुसऱ्या चाकावर हाओ बसतो."

४

हाओ मिस्त्री मेंगचा लंगोटीयार. तो जेवणाच्या सुट्टीत पातीच्या कांद्याची पोळी खात होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "फांगताई, लूने माझं नाव घेतलं ना? घेऊ दे. पण मला जास्त पाणी हवंय कशाला? आहे त्यानेच जीव नकोसा झालाय."

त्याने गुडघे दाखवले. सुजून टम्म झाले होते. हिवाळ्यात धारेचे शिंतोडे अंगभर उडतात, चड्डीपर्यंत भिजतो, संध्याकाळी कपडे कडक होतात. शिवाय ओलं भांडं खरा सूर देत नाही. पाण्याचा नुसता पापुद्रा राहिला तरी सूर खाली उतरतो. म्हणून प्रत्येक वेळी चाक थांबवा, भांडं खडखडीत पुसा, वाजवा, परत घासा. दिवसाला चार टॉवेल पिळून काढतो, म्हणाला. आणि जरा जास्त घासलं गेलं की सूर वर चढतो तो चढतोच. खाली आणायला उपाय नाही, भांडं वाया.

"मेंग किती टॉवेल वापरायचा?"

"एकही नाही. त्याचं भांडं कधी परतही आलं नाही. माझी दहातली दोन येतात." मग त्याने आवाज खाली आणला. "खरं तर त्याला ऐकूच कमी येत होतं, ताई. चाकाने कान खाल्ले होते त्याचे. ऐकायची ती शुआंग. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. अजून थोडं बाबा, अजून थोडं, आता बास. शेठला कळलं असतं तर मेंगला चाकावरून उठवलं असतं. म्हणून आम्ही कोणी बोललो नाही."

तपासणीवाले यायचे तेव्हा काय व्हायचं, हे मी शेवटी विचारलं. हाओ म्हणाला, ते न सांगता येत. फाटकातून आत शिरले की दोन मिनिटांत चाकाशी. लू त्यांच्या मागे धावत यायचा, शेठ तर गावातही नसायचा.

"आणि पाणी?"

"पाणी होतं की. तिन्ही चाकांवर होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "शुआंग तेवढी नसायची. बाहेर गाडीचा आवाज झाला की मेंग तिला सोया दूध आणायला पिटाळायचा."

मी सगळं बोटांवर मांडून पाहिलं. न सांगता आलेली तपासणी, दोन मिनिटांचा अवधी, आणि मूठ नसलेल्या नळातून वाहणारं पाणी. लू बाहेर होता. शेठ नव्हता. हाओ स्वतःच्या चाकावर होता, आणि त्याला तिसऱ्या नळाशी जायचं तर मेंगला ओलांडून जावं लागलं असतं. त्या दोन मिनिटांत जागेवरून न उठता तो नळ उघडू शकणारा माणूस एकच होता.

५

त्या दुपारी मी शुआंगकडून मोगरी मागून घेतली. जुन्या कारागिराची वस्तू आहे, एकदा नीट बघते म्हटलं. तिने दिली, पण दोरी हातातून सोडवायला तिला वेळ लागला. टोपीच्या आत पोकळ आहे, लहानपणी मी त्यात खडू लपवायचे, असंही तिने सांगितलं.

खडूची भुकटी अजून आत होती. मी ती फुंकून काढली आणि उजेडाला धरून पाहिलं. पोकळी चौकोनी होती.

कारखान्यात जाऊन मी पेटी पूर्वीसारखी नळापुढे सरकवली, तेव्हा पेटी आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट राहिली. फटीतून लांब दांडा खाली सोडला, तर पितळी टोपी नळाच्या खिळ्यावर खटकन बसली. अर्धा वळसा दिला. पाइप खाकरला, आधी चुन्याची ढेकळं पडली आणि मग पाणी आलं. मी ते लगेच बंद केलं. नळाची मूठ मेंगनेच काढली होती. तिच्या जागी बसणारी चावी त्याने मोगरीला जोडली आणि गळ्यात घालून फिरला.

आता प्रश्न एकच होता, का. सुरासाठी, असं हाओ म्हणाला असता. कोरडं भांडं खरं बोलतं. पण ते मला पटेना. नऊ वर्षांपूर्वी मेंगच्या फिल्मवर पहिले ठिपके दिसले, तेव्हा मी त्याला विचारलं होतं, चाकाला पाणी आहे ना. आहे की, असं तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला आणि मी तसंच लिहिलं. जीव जातोय हे कळल्यावरही सुरासाठी खोटं बोलणारा तो माणूस नव्हता. शिवाय सुरासाठी धार बंद ठेवायची तर पोरीपासून लपवायचं कशाला?

मेंगच्या जुन्या फिल्म बघाव्यात म्हणून मी पलंगाखालचा खोका ओढला. रिटायर होताना टाकून देणार होते ती पाकिटं मी घरी आणली होती. मेंगच्या पाकिटांत एक लहान पाकीट अडकलं होतं. मेंग शुआंग, वय आठ, बारावा महिना, उजव्या बाजूला न्यूमोनिया. पाइप टाकल्यानंतरचा पहिला हिवाळा. मागच्या बाजूला बापासाठी चार शब्द लिहिले होते. डॉक्टर घाईत असायचे, त्यामुळे असे सल्ले मीच लिहून द्यायचे.

मुलीला ओलाव्यापासून दूर ठेवा. पाण्याचा शिंतोडाही अंगावर नको.

अक्षर माझं होतं.

मग सगळं सरळ लागत गेलं. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून पोर चाकाशेजारी. शेगडीला मुकादमाची ना. धारेचे शिंतोडे पोरीच्या अंगावर, पोर आजारी. आणि दवाखान्यातली बाई लिहून देते की शिंतोडाही नको. मेंग काय करणार होता? त्याने धार बंद केली. दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून मूठ काढली, आणि पोरीला विचारायला जागा राहू नये म्हणून पाइप आलाच नाही असं सांगितलं. त्यातच त्याचे कान गेले, पोर त्याचे कान झाली आणि शेजारून हललीच नाही. स्वतःच्या छातीत काय चाललंय हे कळलं, तरी त्याच्या लेखी धूळ बापाची होती आणि ओल मुलीची. धूळ दोघांची असते हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा सांगितलं नाही, कारण मुलगी कुठे बसते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मोगरी परत करताना मी शुआंगला विचारलं, खोकला कधीपासून आहे. "हा?" ती म्हणाली. "हा नेहमीचाच."

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. आता फिल्म नसते, पडदा असतो. माझ्या जागेवर आलेल्या नव्या बाईने खुर्ची मला दिली. वरच्या भागात, दोन्हीकडे, रवा सांडावा तसे ठिपके. मेंगच्या पहिल्या फिल्मवर होते त्याहून जास्त, आणि ही पोर सव्वीस वर्षांची आहे.

६

सांगू की नको याचा मी तीन आठवडे विचार केला. बियान शेठचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता आणि तिलाही बरं वाटलं असतं. पण चाळीस छात्यांपुढे मी आणखी एक खोटी नोंद करायला तयार नव्हते. पाचव्या सातव्याच्या सकाळी थडग्याच्या वाटेवर मी तिला सगळं सांगितलं, मोगरी, खिळा, पाकीट. पडद्यावर काय दिसलं तेही सांगितलं.

ती वाटेतच बसली. बराच वेळ मोगरीच्या टोपीत बोट घालून फिरवत राहिली.

"म्हणजे माझ्यासाठी," ती म्हणाली.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी लिहिलं होतं."

"तुम्ही बरोबरच लिहिलं होतं, मावशी. मला तेव्हा न्यूमोनियाच झाला होता." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. "याला औषध काय?"

मी एकतीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर देत आले होते. त्या दिवशी मी नुसतं तिला हात देऊन उठवलं, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

थडग्यापाशी तिने कागद पेटवले. पिशवीतून एक भांडं काढलं, मेंगच्या चाकावर अर्धवट राहिलेलं, काठ अजून खरखरीत होता. ते गवतावर ठेवलं आणि मोगरीने एक ठोका दिला. आवाज निघाला आणि पसरत राहिला. आता ती बापाला नाव सांगणार होती. मी मान खाली घातली.

"बाबा," ती म्हणाली, "तो नळ गंजून अडकला होता. कोणी बंद केला नव्हता. मी सगळीकडे विचारून आले." तिने दम घेतला. "तुम्ही मला गारठू दिलं नाहीत. मी बरी आहे. फांगमावशींनी परवाच छाती पाहिली. स्वच्छ आहे म्हणाल्या. हो ना, मावशी?"

"हो," मी म्हटलं. "स्वच्छ आहे."

भांडं अजून वाजत होतं. तिने ओठ घट्ट मिटले, हाताने छाती दाबून धरली, डोळ्यांत पाणी आलं. ती भांड्याकडे बघत होती आणि भांडं काही थांबत नव्हतं. शेवटी तिला आवरलं नाही. ती खोकली, वाकून, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि आवाज तिच्या खोकण्याखालून तसाच चालू राहिला.

मेंगला जाताना कानांनी काही ऐकू येत नव्हतं. तिथेही त्याचे कान तसेच राहिले असावेत, एवढंच मी त्या धुरापाशी उभी राहून मागितलं.